टर्कीला नको, क्रॅनबेरीला विचार

ताई, सप्रेम नमस्कार.

यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण पहिल्यांदाच आमच्याकडे आहे. एडिसनला येऊन चार वर्षं झाली. दर वर्षी कुणाकडे तरी जाऊन जेवून यायचो. या वेळी हौसेनं मीच सगळ्यांना बोलावून बसले. आम्ही दोघं, नवऱ्याचे साहेब आणि त्यांच्या मिसेस, शेजारचं अमेरिकन जोडपं, आमच्या मित्रांची दोन मराठी जोडपी (त्यांतल्या एकीला सहावा महिना आहे), तीन मुलं आणि सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई, अशी चौदा पानं.

टर्की नवरा करणार आहे, दही, आलं-लसूण आणि घरच्या तिखटात रात्रभर मुरवून. बाकी क्रॅनबेरी सॉस, रताळ्याचं कॅसरोल, स्टफिंग, मॅश्ड बटाटे, ग्रेव्ही हे सगळं इथल्यासारखं. अडलंय ते वाइनपाशी. नवरा म्हणतो, साहेब आहेत, नापाची कॅबर्नेच (कॅलिफोर्नियातली ती भारी लाल वाइन) हवी. मैत्रीण म्हणते, टर्की पांढरं मांस, म्हणून व्हाइटच. परवा दुकानात गेले तर भिंतभर बाटल्या बघून पाच मिनिटांत बाहेर आले. माझं बजेट १०० डॉलर आहे, त्यावर एक दमडी नाही. मी माहेरची नाशिकची, त्यामुळे "तुला तर कळायलाच हवं" असं सगळे चिडवतात. खरं सांगायचं तर मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. त्यातून तो दिवस गुरुवार! सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोनदा कालनिर्णय उघडून बघताना दिसल्या. काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— घाबरलेली यजमानीण, एडिसन, न्यू जर्सी

*

अगं घाबरलेल्या यजमानीण बाई,

आधी गुरुवारचं मिटवू, म्हणजे तुझं अर्धं डोकं मोकळं होईल. यंदा थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला आहे. अधिक महिना येऊन गेल्यामुळे मार्गशीर्ष डिसेंबरात सरकलाय. कार्तिकी एकादशी झालेली, चातुर्मास संपलेला, आणि महालक्ष्मीचे गुरुवार अजून लागायचे आहेत. याहून सोयीचा मुहूर्त तुला मिळणार नव्हता. २०२२ आणि २०२५ साली हाच दिवस नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी टर्की शुक्रवारी ढकलली होती. सासूबाई एरवीही गुरुवार पाळत असतील तर तो त्यांच्या ताटापुरता प्रश्न आहे. त्या ताटाकडे मी शेवटी येते, कारण तिथे तू आणि तुझा नवरा दोघंही एक चूक करणार आहात असं मला दिसतंय.

आता वाइन.

तुझ्या नवऱ्याचा आणि मैत्रिणीचा वाद ऐकून मला मजा वाटली, कारण दोघंही टर्कीवरच अडकलेत. मला सांग, मालवणी थाळी जेवताना सोलकढी घेतेस तेव्हा "मासा सुरमई आहे की बांगडा?" असं विचारून घेतेस का? सोलकढी माशासाठी नसतेच. ती असते त्या ताटातल्या तिखटासाठी, तळणीच्या तेलासाठी. आंबट, गार, किंचित गोडसर, जिभेवरून सगळं धुऊन नेणारी. टर्कीचं तसंच आहे. तो पक्षी म्हणजे आपला वरणभात समज. बिचाऱ्याला स्वतःची अशी फार चव नाही. ताटाची खरी चव ठरते ती भोवतालच्या वाट्यांनी. क्रॅनबेरी आंबट, गोड आणि वर तुरट. रताळं गोड. ग्रेव्ही खारट, तुपकट. स्टफिंगमध्ये, म्हणजे त्या पावाच्या सारणात, सेजच्या पानांचा तो औषधी वास. आणि तुझ्याकडे या सगळ्यावर सांगलीचं तिखट. वाइन निवडायची ती या सगळ्याला पुरून उरणारी. पक्ष्याचं मांस पांढरं की काळं, हा प्रश्नच सोडून दे. तसंही त्याची छाती पांढरी आणि तंगडी काळी असते.

म्हणून आधी कॅबर्नेची फाइल बंद करू. लाल वाइनला जो तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या सालीतून, बियांमधून, देठांतून उतरलेल्या टॅनिनमुळे. आवळा, सुपारी, कोरा चहा, सगळीकडे हेच घराणं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. समोर चरबीदार स्टेक असेल तर हा तुरटपणा त्या चरबीवर खर्ची पडतो आणि दोघांचं छान जमतं. टर्कीच्या छातीच्या मांसात मात्र चरबी जवळजवळ नसतेच, त्यात पहिल्या खेपेला भाजणाऱ्याच्या हातून ती हमखास जरा जास्तच भाजली जाते. (नवऱ्याला हे वाचून दाखवू नकोस.) अशा मांसावर कॅबर्ने म्हणजे फुटाणे खाऊन वर सुपारी चघळणं. शिवाय नापाची बरी कॅबर्ने ४०-५० डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. दोन बाटल्यांत तुझं बजेट संपलं, आणि पिणाऱ्या नऊ माणसांना दोन बाटल्या म्हणजे तीर्थासारखी वाटावी लागणार. साहेबांवर छाप पडायची ती अशी पडायला नको.

दुसरी सूचना तुला कुणी ना कुणी करेलच, तेव्हा आधीच सांगून ठेवते. "अमेरिकन सणाला अमेरिकन वाइन" म्हणत लोक झिनफँडेल ही लाल वाइन सुचवतात. मीही फसले होते. आमची पहिली टर्की मी मालवणी मसाल्यात केली होती आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून झिनफँडेलच्या चार बाटल्या आणल्या होत्या. लेबलावर १५.५ टक्के अल्कोहोल लिहिलेलं होतं, पण ते वाचायचं असतं हे तेव्हा कुणाला माहीत! तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात. मिरचीनं होरपळलेल्या जिभेवर जास्त अल्कोहोलची वाइन गेली की आग विझत नाही, भडकते. अर्ध्या तासात पाहुण्यांचे कान लाल झाले, सगळे बर्फाचं पाणी मागायला लागले, आणि अडीच बाटल्या तशाच उरल्या. पुढे कळलं की ते अमेरिकन द्राक्षही मूळचं अमेरिकन नाहीच. २००१ साली डीएनए तपासणीत ते क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या द्राक्षाशी तंतोतंत जुळलं. म्हणजे तेही आपल्यासारखंच बाहेरून येऊन इथलं झालेलं. साध्या, बिनमसाल्याच्या टर्कीबरोबर झिनफँडेल छान लागतं, यात वाद नाही. तुझ्या घरी नको.

मग काय हवं? अल्कोहोल कमी, तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर, आणि जमलं तर गोडव्याचा एक कण. गोडव्याचं कारण तुला घरातच माहीत आहे. जिलबी खाऊन चहा प्यायला की तोच चहा अगोड लागतो ना? रताळ्याच्या कॅसरोलचा घास खाऊन अगदी कोरडी वाइन घेतली की ती तशीच आंबटढाण आणि कडसर लागते. वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक असेल तर तिचा निभाव लागतो. आणि तुझ्या नशिबाची गंमत अशी की या चारही अटी पाळणाऱ्या वाइन स्वस्त आहेत. वाईट म्हणून नव्हे. लोकांना भारी बाटलीत गडद, जड वाइन म्हणजे श्रीमंती वाटते, आणि हलक्या, आंबटगोड वाइनला कुणी मान देत नाही. मान नाही म्हणून भाव नाही.

माझ्या मते तुझ्या ताटाची पहिली मानकरी रिसलिंग. ही मूळची जर्मनीची पांढरी वाइन. आंबटपणा लिंबासारखा स्वच्छ, अल्कोहोल कमी, वास फुलाफळांचा. लोक तिला घाबरतात ते "गोड असते" म्हणून. पण ती ठणठणीत कोरडीपासून पाकासारखी गोडपर्यंत सगळ्या तऱ्हांची असते. तुला हवी मधली. इथे एक शब्द समजून घे. वाइनमध्ये "ड्राय" म्हणजे साखर न उरलेली. आपल्याकडच्या ड्राय डेशी त्याचा काही संबंध नाही. दुकानात उभी असताना ओळखायची सोपी खूण म्हणजे लेबलावरची अल्कोहोलची टक्केवारी. द्राक्षातली साखर आंबून तिचं अल्कोहोल होतं, म्हणून अल्कोहोल कमी असेल तर साखर मागे राहिलेली असणार. रिसलिंगवर ८-९ टक्के असेल तर ती चांगलीच गोड, १२-१२.५ असेल तर बहुधा कोरडी, आणि १०-११.५ च्या आसपास तुझी मधली. बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या लेबलावर कोरडी ते गोड अशी एक आडवी पट्टी आणि तिच्यावर बाणही असतो. तो बाण पट्टीच्या मध्याच्या जरा अलीकडे, कोरड्या बाजूला असला की उचल. जर्मन बाटलीवर "काबिनेट" दिसलं तर ती हलकी असते. त्याच्या जोडीला "ट्रोकन" लिहिलं असेल तर ती कोरडी, ती ठेवून दे.

वॉशिंग्टन राज्यातल्या शातो सेंट मिशेलची साधी रिसलिंग दहा डॉलरच्या आसपास मिळते आणि ती काम चोख करते. पण साहेबांना गोष्ट सांगायला काहीतरी हवं असेल तर पाच डॉलर जास्त घालून फिंगर लेक्सची घे. आपल्या न्यू जर्सीहून गाडीनं चार-पाच तासांवर, न्यू यॉर्क राज्यातली ती लांबट तळी. तिथल्या थंडीत युरोपातली द्राक्षं जगणारच नाहीत असं सगळे म्हणत होते. युक्रेनहून आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक नावाच्या हट्टी माणसानं ती जगवून दाखवली आणि १९६२ मध्ये स्वतःची वायनरी काढली. आज तिथली रिसलिंग देशात नावाजलेली आहे. अमेरिकन सणाला अमेरिकन वाइन हवीच असेल तर ही आण आणि नवऱ्याला गप्प कर.

रिसलिंग नाहीच आवडली तर शेनँ ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन बघ. आणि हो, ही तुझी माहेरची ओळखीची असायला हवी. नाशिकला राजीव सामंतांच्या सुलानं २००० साली पहिल्या बाटल्या आणल्या, त्यांत हीच होती. तू लहानपणी घाटावरून जाताना बघितलेली द्राक्षं बहुतेक खायची थॉम्पसन असणार, त्यामुळे "नाशिकची असून" या टोमण्यात तसा दम नाही. इथे दक्षिण आफ्रिकेची शेनँ ब्लाँ बारा-तेरा डॉलरला छान मिळते.

आता लाल. साहेब आणि नवरा, दोघांच्या हातात लाल ग्लास दिसला नाही तर सण झाल्यासारखा वाटणार नाही, हे मला कळतं. तर बोजोले घे. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या उत्तरेचा हा मुलूख, द्राक्षाचं नाव गामे. या द्राक्षाचा इतिहास मला फार आवडतो. १३९५ साली बरगंडीच्या ड्यूकनं, फिलिप द बोल्डनं, गामेला बेइमान झाड ठरवून आपल्या राज्यातून उपटून टाकायचा हुकूम काढला, कारण त्याला तिथे पिनो नुआर हे दुसरं लाल वाइनचं द्राक्षच हवं होतं. हाकललेलं गामे दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर जाऊन असं रुजलं की तिथलंच झालं. तिथे द्राक्षांचे घड बरेचदा न चिरडता, अख्खेच टाकीत घालून आंबवतात, त्यामुळे तुरटपणा फारसा उतरत नाही आणि ताज्या लाल फळांचा रस तेवढा पुढे येतो. क्रॅनबेरीशेजारी ही वाइन बहिणीसारखी बसते.

दुकानात तुला बोजोले नुव्होची रंगीबेरंगी लेबलं दिसतील. ही त्याच वर्षीच्या द्राक्षांची, जेमतेम दोन महिन्यांची कोवळी वाइन. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकदम विक्रीला येते, आणि थँक्सगिव्हिंग चौथ्या गुरुवारी, म्हणजे बरोबर आठवड्यानं. दुकानदार या योगायोगाचा पुरेपूर फायदा घेतात. गंमत म्हणून एक बाटली ठीक आहे, पण बऱ्याचदा ती केळं आणि च्युइंगगमच्या मधली काहीतरी लागते. जवळपास तेवढ्याच पैशांत "बोजोले-व्हिलाज" मिळते, १५-१६ डॉलरला, आणि ती कितीतरी जास्त जमून आलेली असते. दुकानात ब्रुयी किंवा मोर्गाँ या बोजोलेतल्याच भागांच्या नावाची बाटली तीन-चार डॉलर जास्त देऊन मिळत असेल तर साहेबांपुरती एक घे. लेबलावर कधीकधी "बोजोले" हा शब्द ठळक नसतोच, नुसतं त्या भागाचं नाव असतं, म्हणून ही नावं कागदावर लिहून ने.

तू पिनो नुआरचं विचारलं नाहीस, पण दुकानदार तिच्याकडे बोट दाखवेल. चांगली पिनो टर्कीबरोबर सुंदरच लागते. अडचण पैशांची. ते द्राक्ष नखरेल, पिकवायला महाग, आणि लेबलावर द्राक्षाचं नाव लिहायला इथल्या कायद्याप्रमाणे ते ७५ टक्के असलं तरी पुरतं. दहा-बारा डॉलरच्या पिनोत उरलेल्या चतकोरात काय काय भरतात ते चवीवरून कळतं. जाड, गोडसर, जॅमसारखी. थोड्या जास्त पैशांत गामे खरी मिळते.

राहिला प्रश्न पाहुणे आल्या आल्या हातात काय द्यायचं. इथे दोन बाटल्या काव्हा. स्पेनची ही फसफसणारी वाइन शँपेनच्याच पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून करतात आणि निदान नऊ महिने तिथेच मुरू देतात. किंमत मात्र बारा डॉलरच्या घरात. लेबलावर "ब्रूट", म्हणजे कोरडी, बघून घे. सुरुवातीला तू काय ठेवणार आहेस ते लिहिलं नाहीस, पण माझं ऐकशील तर छोटे छोटे बटाटेवडे कर. खारट, तळलेलं आणि फेसाळ हे त्रिकूट फार जमतं. चटणी मात्र वेगळी ठेव, कारण तिखटावर बुडबुडे टोचतात. म्हणूनच काव्हा जेवणाआधी संपव, टर्कीपर्यंत ओढू नकोस. आणि बूच नवऱ्याला उडवू देऊ नकोस. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. बाटली चांगली गार कर, बुचावर फडकं धर, बाटली तिरकी करून बूच घट्ट धरून ठेव आणि बाटली हळूहळू फिरव. उसासा टाकल्यासारखा आवाज आला पाहिजे.

हिशेब मांडू. चौदातून तीन मुलं, सासूबाई आणि ती गरोदर मैत्रीण वजा केली की पिणारे नऊ. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. माणशी अर्धी बाटली हा इथला ढोबळ अंदाज. म्हणजे साडेचार बाटल्या, दुपारी तीनला सुरू होणारं जेवण लांबतं म्हणून सहा. काव्हा दोन, बारा दराने २४. रिसलिंग दोन, पंधरा दराने ३०. बोजोले-व्हिलाज दोन, सोळा दराने ३२. झाले ८६, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, म्हणजे ९२ च्या आत. मोर्गाँची हौस असेल तर एका बोजोलेच्या जागी. उरलेल्या आठ डॉलरचं पुढे सांगते. इथे बहुतेक किराणा दुकानांत वाइन नसते हे तुला माहीत असेलच. लिकर स्टोअरमध्ये जा, पण सोमवार-मंगळवारीच. बुधवारी संध्याकाळी तिथे दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी असते, आणि त्या गर्दीत कुणीतरी तुला झिनफँडेल विकेल. दुकानदाराला सरळ सांग: "पंधरा-सोळाच्या आत, तुरट नको, जड नको, जेवण तिखट आहे." लाजायचं काही कारण नाही. फिरकीचं झाकण असलेली बाटली हलकी समजू नकोस. रिसलिंगला ते बरेचदा असतंच, आणि त्या दिवशी बूच तुटून आत पडण्याची एक भानगड कमी.

आणि मंगळवारी बाटल्या आणल्यास तर बुधवारी रात्री, टर्की मुरत घातल्यावर, एक रिसलिंग उघड. त्याच मसाल्यात कोंबडीचे दोन तुकडे भाज, शेजारी चमचाभर क्रॅनबेरी सॉस घे, आणि दोघं मिळून चाखा. एक घास, एक घोट. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी अगदी चांगली राहते. साहेबांसमोर पहिल्यांदा चाखण्यापेक्षा हे बरं, आणि तुझी भीती तिथेच निम्मी होईल.

फ्रिज म्हटल्यावर आठवलं, त्या दिवशी तुझ्या फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नसेल. नोव्हेंबरअखेरची न्यू जर्सी ही आपली फुकटची शीतपेटी आहे. पांढऱ्या बाटल्या सकाळपासून गराजमध्ये ठेव. काव्हा मात्र बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत अर्धा तास. बोजोलेही अर्धा तास गराजमध्ये जाऊ दे. लाल वाइन "खोलीच्या तापमानाला" हे वाक्य जुन्या, गारठलेल्या युरोपियन घरांचं आहे. हीटर आणि ओव्हन दोन्ही चालू असलेल्या तुझ्या घरात ती कोमट काढ्यासारखी लागेल. ग्लास सगळ्यांना एकाच जातीचे, आहेत ते. नवे आणू नकोस. साहेब स्वतः बाटली घेऊन आले, आणि ते बहुधा येतीलच, तर ती भेट समजायची. "आत्ता उघडू की तुमची आठवण म्हणून ठेवू?" एवढं विचार. ती कॅबर्ने निघाली तर नवऱ्याचीही इच्छा पुरी होईल.

आता ते आठ डॉलर आणि सासूबाई.

न पिणारी पाच माणसं तुझ्या घरी आहेत आणि तुझ्या पत्रात त्यांच्या ग्लासाबद्दल एक ओळ नाही. अशा जेवणात त्यांच्यापुढे कोकची बाटली सरकवली जाते, हे मी पंचवीस वर्षं बघतेय. त्या आठ डॉलरांत शेतावरच्या ताज्या सफरचंदांच्या सायडरचा मोठा जग येईल. इथे नुसतं "सायडर" म्हणजे सफरचंदाचा गढूळ रस. "हार्ड" हा शब्द दिसला तर मात्र त्यात अल्कोहोल असतं, तेवढं डोळ्यांत तेल घालून बघ. तो मुलांना आणि मैत्रिणीला. सासूबाईंना सांगलीहून आणलेल्या सामानात आमसुलं आहेत का विचार. कोकमाचं सरबत, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घालून, त्याच उंच ग्लासात. रंग बोजोलेपेक्षा देखणा येतो आणि क्रॅनबेरीच्या ताटाला ते माझ्या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त शोभतं. साहेबांच्या मिसेसही मागतील बघ, जरा जास्तच कर.

आणि ती चूक. तू समजतेस की सासूबाईंनी गुरुवार पाळला तरी टर्की सोडली की बाकी ताट शाकाहारी. तसं नाही. रताळ्याच्या कॅसरोलवर जे मार्शमेलो वितळवतात त्यांत जिलेटिन असतं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्याचंच. स्टफिंग पक्ष्याच्या पोटात भरून शिजवलं की त्यात त्याचा रस उतरतो. विकतच्या स्टफिंगच्या खोक्यातही बऱ्याचदा चिकनचा अर्क असतो. ग्रेव्ही तर टर्कीच्याच रसाची. पंपकिन पायमध्ये अंडं असतं, त्या अंडं खातात का ते विचारून ठेव. तेव्हा रताळ्याचं एक छोटं भांडं मार्शमेलोशिवाय, वर तूप आणि गूळ घालून. स्टफिंग वेगळ्या ट्रेमध्ये, भाज्यांच्या पाण्यात. आणि त्यांच्या बटाट्यांसाठी मशरूमची ग्रेव्ही निराळ्या पातेल्यात, निराळ्या डावानं. ते निराळं पातेलं टेबलावर कुठलं हे नवऱ्यालाही दाखवून ठेव, कारण वाढायला तोच उभा राहणार आहे, दोन ग्लास झाल्यावर.